शेवंतीच्या कुंड्यांतली माती

एर्मितासची जमीन तुम्ही तेव्हा बघायला हवी होती. रेबोर्दा गावात घरामागं जमीन सगळ्यांनाच आहे, पण ती कसली जमीन, नुसती वाळू! समुद्रावरून वारा सुटला की अर्धी उडून चुलीशी येऊन बसते. एर्मितासची बारा गुंठे तेवढी काळी, भुसभुशीत. खुरपं आपोआप आत जायचं. आणि ती काही देवानं आयती दिलेली नव्हती. वादळ सरलं की किनाऱ्यावर शेवाळाचे ढीग येऊन पडतात. ते ही बाई चाळीस वर्षं टोपलीनं डोक्यावरून चढ चढून वर आणत होती. शेवाळ, गोठ्यातलं खत, चुलीतली राख, शिंपल्यांचा चुरा. लग्न केलं नाही. तिला कुणी विचारलंच नाही असं शेजारीण सालादिना म्हणते. विचारलं होतं एकानं, पण त्याची जमीन लांब होती, असं एर्मितास म्हणते. दोघींचंही खरं धरून चाला.

भाऊ एकच, देल्मिरो, तिच्याहून चार वर्षांनी लहान. विसाव्या वर्षी स्वित्झर्लंडात कारखान्यात गेला, तिथंच राहिला. आईचं हगणंमुतणं नऊ वर्षं एर्मितासनं काढलं. देल्मिरो दर नाताळात फोन करायचा आणि आईला ऐकू येत नसे, म्हणून ओरडायचा.

म्हातारी बाल्बिना जायच्या आधी दोन दिवस शुद्धीवर आली. देल्मिरो आला होता, आणि साक्षीला हवी म्हणून सालादिनाला बोलावून घेतलं. म्हातारीनं मोजून सांगितलं, "मागची जमीन एर्मी कसतेय आणि जमीन देतेय तोवर वाटणी नाही. जमीन द्यायची थांबली, की दोघांत निम्मी निम्मी. ऐकलंस ना गं सालादिना?"

"ऐकलं, बाल्बिना."

झालं. कागद नाही, शिक्का नाही. आमच्याकडं मरत्या माणसापुढं तिसऱ्यानं ऐकलेला शब्द कागदाहून जड. देल्मिरोनं मान डोलावली, पण त्याचा डोळा त्या जमिनीवर होताच, आणि त्यानं तो कधी लपवलाही नाही. रस्त्याकडच्या अर्ध्या भागातून समुद्र दिसतो. तिथं त्याला घर बांधायचं होतं, मोठ्या काचेचं. "निवृत्त झालो की तिथं खुर्ची टाकून बसणार," म्हणायचा. एर्मितास म्हणायची, "बस की. माझ्या कांद्यांच्या मधे स्टूल टाकून बस."

आता कुंड्यांचं सांगायला हवं. सर्व संतांच्या दिवशी, नोव्हेंबरच्या एक तारखेला, आख्खं गाव कबरस्तानात असतं. आठवडाभर आधी दगड घासायचे, अक्षरं रंगवायची, आणि मग कुणाच्या थडग्यावर किती फुलं हे ज्यानं त्यानं तिरक्या नजरेनं बघायचं. एर्मितास आईसाठी स्वतःच्या वाफ्यातली शेवंती कापून न्यायची, पांढरी, लहान फुलांची. देल्मिरो गाडीनं यायचा, वाटेत शहराबाहेरच्या मोठ्या दुकानातून सहा कुंड्या घ्यायचा. एकेक फूल बशीएवढं! कुंड्यांना सोनेरी कागद! त्या पुढं, एर्मितासची फुलं मागं. लोक म्हणायचे, "मुलगा लांब आहे, पण आईला विसरला नाही हो." नऊ वर्षं आईची चादर बदलणारीला हे ऐकून काय वाटत असेल? तिला काय वाटायचं ते सांगतो. तिला वाटायचं, त्या सहाही कुंड्या उचलून त्याच्या टाळक्यात घालाव्यात.

त्या तिनं घातल्या मात्र वाफ्यात. भाऊ परत गेला, फुलं कोमेजली, की आठवड्यानं ती हातगाडा घेऊन जायची आणि सहाही कुंड्या घरी आणायची. आत काळी, मऊ माती असायची. ती कचऱ्यात टाकायची? छे! माती टाकणं म्हणजे भाकरी टाकणं. तिनं पाच वर्षं ती माती आपल्या वाफ्यांत ओतली, आणि कुंड्या एकात एक घालून छपरीत रचून ठेवल्या. भावाचं काहीतरी आपल्या जमिनीच्या पोटात गेलं, एवढाच काय तो तिला आनंद.

पाचव्या वर्षी, म्हणजे गेल्या फेब्रुवारीत, पाऊस पडून गेला आणि वाफ्यात पाणी तसंच राहिलं. असं कधी झालं नव्हतं. सलगमाचा पाला पिवळा पडलेला. तिनं कुदळ मारली, ढेकूळ उलटलं, आणि बघत राहिली. एक गांडूळ नाही. दुसरीकडं मारली, तिसरीकडं मारली. जिथं एका कुदळीला दहा-बारा वळवळत यायची तिथं काहीच नाही. मग तिनं कडेचं कौल उचललं, तर खाली ती. बोटाएवढी लांब, चपटी, तपकिरी, चकचकीत, ओल्या पानासारखी चिकटलेली. जळू म्हणावी तर जळू नाही, गोगलगाय म्हणावी तर तीही नाही. एर्मितासनं ती काटकीनं कोंबडीपुढं टाकली. आमच्या कोंबड्या खिळेसुद्धा गिळतात. कोंबडीनं चोचीत धरली, लगेच टाकली, आणि गवताला चोच पुसत राहिली.

एर्मितासनं तसल्या आणखी दोन चपट्या शोधून बरणीत घातल्या आणि बस धरून तालुक्याच्या शेतकी कचेरीत गेली. तिथल्या बाईंनी चष्मा कपाळावरून खाली ओढला.

"कुंडीतलं झाड आणलं होतं का हो घरात?"

"मी? मी जन्मात विकतचं झाड आणलं नाही."

"हा चपटा किडा कुंड्यांतूनच येतो. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. गांडूळ हेच त्याचं जेवण."

"बरोबर आहे," एर्मितास म्हणाली. "आमचं अर्धं गाव तिकडं पोट भरायला गेलं होतं. आता तिकडचे इकडं आले म्हणायचे. औषध द्या."

"औषध नाही, मावशी."

"नाही म्हणजे?"

"जे याला मारेल ते उरलीसुरली गांडुळंही मारेल. ओल्या फळ्या, कौलं टाकून ठेवा. सकाळी उलटा. सापडेल तो उकळत्या पाण्यात. कापू नका, तुकड्यांचे नवे होतात. आणि एक लक्षात ठेवा, तुमची माती किंवा मातीसकट रोप कुणाला म्हणजे कुणाला देऊ नका. नाहीतर गावभर होईल."

परतताना बसमध्ये तिला छपरीतल्या रिकाम्या कुंड्या आठवल्या. एकात एक रचलेल्या तीस कुंड्या. तिनं बसमध्येच स्वतःच्या मांडीवर मूठ मारली. शेजारचा माणूस सरकून बसला.

त्या दिवसापासून बाईचा एकच उद्योग. संध्याकाळी फळ्या भिजवून वाफ्यांत टाकायच्या, सकाळी उजाडलं की उलटायच्या, चिमट्यानं चपट्या उचलायच्या, किटलीत टाकायच्या. चौदा. नऊ. बावीस. कधी काळी चकचकीत अंडी, मिरीच्या दाण्यांएवढी. कंबर मोडली, पण एक सकाळ चुकली नाही. जमीन वाचवायची होती. वाचली नाही तर आईचा शब्द उलटणार होता, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

आणि हे तिनं कुणाला सांगितलं? कुणालाच नाही! इथं तिचं चुकलं. गावातली सगळ्यात चांगली जमीन जिची, ती कुठल्या तोंडानं सांगणार, की माझ्या जमिनीला कीड लागली? नाकावर माशी बसू न देणारी बाई. तिनं दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटलं.

मार्च उजाडला. तिच्या वाफ्यातलं कांद्याचं रोप तीस वर्षं अर्धं गाव नेत आलेलं. कुणी मागायचं नाही, कुणी आभार मानायचे नाहीत, कारण आभार मानलेलं रोप लागत नाही असं आमच्यात म्हणतात. नुसतं फाटकातून यायचं, टोपली पुढं करायची, आणि पाऊसपाण्याचं बोलायचं. पहिली नेहमी सालादिनाच. यंदाही आली.

"काय गं, थंडी हटत नाही यंदा," टोपली पुढं करत ती म्हणाली.

"यंदा रोप नाही," एर्मितास म्हणाली.

सालादिनानं तिच्या खांद्यावरून पलीकडं बघितलं. रोपाचा वाफा हिरवागार उभा होता. वरून दिसायला अजून सगळं ठीकच होतं.

"नाही?"

"नाही."

"मग ते काय, दाढी वाढवलीये का जमिनीनं?"

"नाही म्हटलं ना, सालादिना."

"बरं बाई. तुझं तुला लखलाभ." टोपली काखेला मारून ती गेली. त्या दिवसापासून दोघींमधल्या भिंतीवरून शब्द गेला नाही. चारच दिवसांत सगळ्या गावात झालं, एर्मितासला म्हातारपणी कंजुषी सुचलीय. मधूनच कुणी मुद्दाम फाटकावरून ओरडायचं, "एर्मितास, रोप नको, रोपाचा फोटो तरी दे!" ती मान वर करायची नाही. एप्रिलात तिनं ते सगळं रोप उपटलं आणि जाळलं. ओलं होतं, तीन दिवस धुमसत होतं. लोक म्हणाले, बघा, जाळेल पण देणार नाही. आणि ही आत खिडकीमागं बसून रडली, गावासाठी जाळलं म्हणून नाही, गावाला कळत नाही म्हणून.

ऑक्टोबरात तिनं भावाला फोन केला. स्वतःहून, पहिल्यांदाच.

"यंदा कुंड्या आणू नकोस. कापलेली फुलं आण हवी तर."

"का?"

"तुझ्या कुंड्यांतून किडा आलाय माझ्या जमिनीत."

तो हसला, पण खूश होऊन नाही. "एर्मी, आई गेली तरी तुझी खोड जात नाही. आई तुला एकटीलाच पाहिजे. माझी फुलंसुद्धा सहन होत नाहीत तुला."

"फुलांचं नाही बोलत मी, मातीचं बोलते."

"आणि मी कुंड्या ठेवल्या होत्या आईपुढं. तुझ्या वाफ्यात ओतायला कुणी सांगितलं होतं?"

तिनं फोन ठेवला.

तो आलाच, आणि जिद्दीनं आणखी मोठ्या कुंड्या घेऊन आला. सहाच, पण प्रत्येक बादलीएवढी. एक तारखेला सकाळी अकराला पाद्रीबाबा तीर्थ शिंपडत थडग्या-थडग्यांशी फिरत होते, गाव आपापल्या माणसांपाशी काळे कपडे घालून उभं होतं. एर्मितास आपल्या पांढऱ्या शेवंतीची जुडी घेऊन आली, आणि त्या कुंड्या दिसल्या. सालादिना शेजारच्याच थडग्यापाशी, नवऱ्याच्या. एर्मितासनं जुडी खाली ठेवली, पहिली कुंडी उचलली, उलटी करून दगडाच्या कडेवर आपटली.

"एर्मी!" देल्मिरो म्हणाला.

"आत्ता दाखवते. सगळ्यांना दाखवते."

तिनं मुळांचा गड्डा दोन्ही हातांनी फोडला. माती सगळीकडं. भावजय ओटिलिया किंचाळली, "अहो, सासूबाईंच्या डोक्यावर माती टाकतेय ही!" पाद्रीबाबा हातात तीर्थाचा कुंचला धरून थांबले. गड्ड्यात मुळं, पांढरी, निरोगी. किडा नाही. एर्मितासनं दुसरी फोडली. नाही. तिसरी. नाही. आता लोक जवळ आले होते. चौथी, पाचवी. तिच्या नखांत माती गेली होती, आणि ती पुटपुटत होती, "असणार, असणारच." सहावी फोडली, आणि त्यातून एक गांडूळ निघालं. गुबगुबीत, लालसर, जिवंत. आठ-नऊ महिन्यांत तिनं पाहिलेलं पहिलं गांडूळ.

"हा तुझा किडा?" देल्मिरो म्हणाला. कुणीतरी मागं हसलं. कबरस्तानात, त्या दिवशी!

मग मात्र एर्मितासचा बांध फुटला. ती उठली, मातीचे हात वर करून सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडली, "हसा! पाच वर्षं ह्याच्या कुंड्यांनी माझी जमीन खाल्ली! जमीन मेली माझी! ऐकलंत? मेली! आता तिथं काही उगवत नाही आणि उगवणार नाही!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. चाळीस वर्षांत ह्या बाईनं आपल्या जमिनीला कुणाला नाव ठेवू दिलं नव्हतं. ठेवलं ते तिनं स्वतःच, आणि सगळं गाव साक्षीला उभं करून.

जेवणं झाल्यावर देल्मिरो तिच्या दारात आला. एकटा नव्हता. सालादिनाला घेऊन आला होता. ओरडला नाही, हे त्याचं मानायला हवं. खुर्ची ओढून बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली.

"एर्मी, तू स्वतःच म्हणालीस. जमीन मेली."

तिला तेव्हा कळलं. तिनं टेबलाची कड धरली.

"रागात म्हणाले."

"रागात खरंच निघतं. सहा वर्षं मी ब्र काढला नाही. जमीन देत होती, मी गप्प होतो. पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय. माझंही वय झालं, एर्मी. मलाही कुठंतरी बसायचंय."

"सालादिना," एर्मितास म्हणाली, "आई काय म्हणाली ते तुला माहीत आहे. मी कसतेय अजून. रोज पहाटे उठून कसतेय."

सालादिनानं आपल्या बोटांकडं बघितलं. "बाल्बिना म्हणाली, जमीन द्यायची थांबली की निम्मी निम्मी. तेव्हा जे ऐकलं ते सांगते. आणि आज जे ऐकलं तेही सांगते. तू म्हणालीस उगवत नाही." मग म्हणाली, "आणि मार्चपासून ती जमीन कुणाला काही देत नाहीये, हे तर मी स्वतः टोपली घेऊन बघून गेलेय."

"तुला दिलं नाही ते का, विचार तरी!"

"तेव्हा विचारलं होतं. नाही म्हणालीस."

दुसऱ्या दिवशी दोरी धरून मधोमध खुंट्या ठोकल्या. घराकडची बाजू एर्मितासला, रस्त्याकडची देल्मिरोला. तिनं भांडण केलं नाही. अंगात भांडण उरलंच नव्हतं.

जानेवारीत पायासाठी खोदाईचं यंत्र आलं. आधी वरची माती खरवडून काढली, हातभर जाडीची, चाळीस वर्षांची, आणि रस्त्याच्या कडेला ढीग लावला. काळाभोर ढीग, वाफ निघणारा. देल्मिरो सुट्टी काढून आला होता. त्याला आता इथं राहायचं होतं, गावाशी चांगुलपणा हवा होता. त्यानं निरोप धाडला, "ज्याला हवी त्यानं माती न्यावी. फुकट."

शनिवारी सकाळी गाव लोटलं. हातगाडे, पोती, एक ट्रॅक्टर. वाळूत जन्म गेलेली माणसं ती, त्यांना काळी माती म्हणजे सोनं. एर्मितास घरातून धावत आली, हातात बरणी. आदल्या आठवड्यात पकडलेल्या अकरा चपट्या मिठाच्या पाण्यात.

"नेऊ नका! हे बघा, हे आहे ह्या मातीत! तुमची गांडुळं खाईल, सगळ्यांची जमीन जाईल! शेतकी कचेरीतल्या बाईंना विचारा!"

ट्रॅक्टरवाल्यानं बरणीत डोकावून बघितलं. "जळवा आहेत, एर्मितास. पावसात आमच्या ओढ्यात शंभर असतात."

"जळवा नाहीत!"

"मग कबरस्तानात सहा कुंड्या फोडल्यास तेव्हा एक तरी का निघाली नाही?"

लोक हसले आणि फावडी चालू झाली. वाटणीपुरती माती मेली होती, न्यायला जिवंत. कुणाला त्यात काही चमत्कारिक वाटलं नाही. ती एकेका गाड्यापुढं जाऊन उभी राहिली, लोक तिला वळसा घालून गेले. देल्मिरो दुरून म्हणाला, "एर्मी, आता तर ही माती तुझी नाही. आता तरी देऊ दे."

शेवटी सालादिना आली, गाडा घेऊन. ढिगाच्या कडेनं भरू लागली.

"सालादिना, तुला शपथ घालते. किडा आहे. म्हणून तर तुला रोप दिलं नव्हतं. तुझं नुकसान नको म्हणून दिलं नव्हतं."

सालादिनानं फावडं टेकवलं. "दहा महिन्यांनी सांगतेस होय? तीस वर्षं तुझ्या दारात टोपली घेऊन उभी राहिले मी. एका शब्दाचं तर काम होतं. माझं नुकसान नको होतं म्हणे!" आणि पुन्हा भरायला लागली, शीग लावून.

बरणी एर्मितासनं भिंतीवर ठेवून दिली. सालादिनानं भरलेला गाडा उचलला, चार पावलं गेली आणि चाक चिखलात रुतलं. म्हातारी ओढतेय, गाडा हलत नाही. एर्मितास तिच्या मागं गेली. दोन्ही हात गाड्यातल्या मातीवर टेकवले, पाय रोवले, आणि ढकलला. चाक सुटलं. तिनं सोडला नाही. चढावरून, फाटकातून, सालादिनाच्या कांद्याच्या वाफ्यापर्यंत ढकलत नेला, आणि स्वतःच्या हातानं रिता केला.

परत येताना तिला बरं वाटत होतं. वर्षभरात पहिल्यांदा बरं वाटत होतं; किडा आता तिच्या एकटीचा राहिला नव्हता. मग ट्रॅक्टरचं चाक रुतलंय का, तेही बघायला ती गेली.